माकडाच्या हातातील तराजू

(बालवाडी शिक्षिका, अंगणवाडी सेविका आणि कार्यकर्ते यांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)



शिबिराच्या संयोजकांनी मला विषय दिला आहे तो 'लहान मुलांना गणिताची गोडी कशी लावावी' असा. कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय पाहून आपल्यापैकी काही जुन्या कार्यकर्त्यांना नवल वाटले असेल. सकाळच्या सत्रात शेतमालाचा भाव, दुपारी रोजगार हमीची थकलेली मजुरी, आणि संध्याकाळी एकदम चिऊ-काऊ आणि चिंचोके! हे नवल स्वाभाविक आहे. तथापि माझे म्हणणे असे, की दिवसभर आपण ज्या प्रश्नांची चर्चा केली ते प्रश्न आणि हा प्रश्न यांना जोडणारा धागा एकच आहे. तो कोणता हे सांगण्यापूर्वी मी एक गोष्ट सांगतो. ती आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे.

दोन मांजरांना लोण्याचा एक गोळा सापडला. वाटणीवरून त्यांचे भांडण जुंपले. तेवढ्यात माकड आले आणि न्यायाधीश होऊन बसले. त्याने तराजू आणला, गोळ्याचे दोन भाग केले आणि दोन पारड्यांत ठेवले. एक पारडे खाली गेले. त्यातले थोडे लोणी माकडाने खाल्ले, तेव्हा दुसरे खाली गेले. मग त्यातले खाल्ले. असे करता करता लोणी संपले, आणि मांजरे मिशा चाटीत घरी गेली.

ही गोष्ट सांगून झाली की आपण मुलांना तात्पर्य सांगतो, 'आपसांत भांडू नये.' मला हे तात्पर्य नेहमीच अपुरे वाटत आले आहे. मांजरे भांडली हा त्यांचा दोष खरा. पण लोणी गेले ते केवळ भांडणामुळे नव्हे. तराजू माकडाच्या हातात होता, आणि तो कसा चालतो हे मांजरांना ठाऊक नव्हते, म्हणून लोणी गेले. गणित हा विषय गरिबाच्या मुलाला का आला पाहिजे, याचे उत्तर मला या एका गोष्टीत सापडते.

गोष्ट अर्ध्यावर थांबवली तेव्हा

काही वर्षांपूर्वी एका वस्तीवरच्या बालवाडीत मी ही गोष्ट सांगितली आणि मुद्दाम अर्ध्यावर थांबवली. मुले पाच ते सात वर्षांची. आम्ही दोन करवंट्या, एक काठी आणि सुतळी घेऊन तराजू बनवला. लोण्याच्या जागी चिंचोके. एका मुलाला माकड केले. तो एका पारड्यातले चिंचोके उचली, की दुसरे पारडे खाली जाई. पोरे हसून लोटपोट होत. थोड्या वेळाने मागे बसलेला एक मुलगा गंभीरपणे म्हणाला, "ते माकड मुद्दामच जास्त खातंय. थोडंच खाल्लं असतं तर सारखं झालं असतं." त्याच्या शेजारची मुलगी याहून पुढे गेली. ती म्हणाली, "पण खायचं कशाला? इकडचं तिकडं टाकायचं!"

मित्रहो, त्या क्षणी त्या मुलीने माकडाचा सारा व्यवसाय बंद पाडला होता. आम्ही लगेच करून पाहिले. एका करवंटीत बारा चिंचोके, दुसरीत आठ. फरक चाराचा. म्हणून मुलांनी चार चिंचोके उचलून दुसरीकडे टाकले, तर आता तिकडे बारा आणि इकडे आठ! पुन्हा हशा. मग कोणी तीन हलवून पाहिले, कोणी एक. शेवटी दोन हलवले तेव्हा काठी आडवी राहिली. 'फरकाच्या निम्मे' हे शब्द मी उच्चारले नाहीत. ते मुलांच्या बोटांना कळले होते. पुढे तराजू बाजूला ठेवून मी विचारले, "तराजूच नसता तर मांजरांनी काय करायचे?" बराच खल झाला आणि अखेर ठरले, की एकाने दोन वाटे करावेत आणि दुसऱ्याने आपला वाटा आधी उचलावा. म्हणजे वाटे करणारा लबाडी करूच शकणार नाही.

त्या तासाभरात 'गणित' हा शब्द कोणी काढला नाही. तरी मुले मोजत होती, तुलना करीत होती, अंदाज बांधत होती, चुकत होती आणि चूक स्वतःच दुरुस्त करीत होती. शिवाय न्याय्य वाटणी म्हणजे काय, याचा विचारही करीत होती. गोष्ट म्हणजे गणिताच्या कडू गोळीवरची साखर, अशी समजूत पुष्कळांची असते. ती सोडून दिली पाहिजे. साखर चाटून झाली की मूल गोळी थुंकून टाकते. गणित गोष्टीच्या पोटात असले पाहिजे, म्हणजे ते सुटल्याखेरीज गोष्ट पुढे जाणार नाही.

हा काही परदेशातून आणलेला विचार नव्हे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' रचली. तिच्यातले एक उदाहरण भुंग्यांच्या थव्याचे आहे. थव्याचा पाचवा हिस्सा एका फुलावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर. या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे तिसऱ्या झाडाकडे गेले, आणि एक भुंगा दोन सुगंधांच्या ओढीने आकाशातच घोटाळत राहिला. तर थवा केवढा? उत्तर पंधरा. पण ते काढण्याची इच्छा होते ती त्या एकट्या राहिलेल्या भुंग्यामुळे. ज्यांच्या घराण्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात आहे, त्या आचार्यांना आठशे वर्षांपूर्वी जे कळले होते, ते आमच्या कित्येक शाळांना अजून उमगायचे आहे.

बाजारातील हिशेब आणि फळ्यावरील हिशेब

आता काही जण म्हणतील, की गरिबाची मुले मुळातच गणितात मागे असतात. त्यांना घरी कोण शिकवणार? हे विधान तपासून पाहू.

ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, लिंबे असे काहीबाही विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास टेरेझिन्या नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमान या संशोधकांनी केला. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले, तेव्हा मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. त्याच प्रकारचे हिशेब निव्वळ आकडे म्हणून कागदावर मांडून दिले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ३७ टक्क्यांवर घसरले. मुले तीच, बुद्धी तीच, संख्याही त्याच जातीच्या. बदलले ते फक्त त्यांचे रूप.

यावर चाळीस वर्षांनी आपल्याच देशातला दाखला मिळाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची आणि बाजारात काम न करणाऱ्या ४७१ शाळकरी मुलांची तुलना केली. हे संशोधन 'नेचर' या नियतकालिकात २०२५ मध्ये आले. बाजारातली मुले गुंतागुंतीची देवघेव तोंडी बिनचूक करीत. शाळेच्या पद्धतीचे गणित मात्र त्यांना जड जाई. शाळकरी मुलांचे याच्या उलट. पाठ्यपुस्तकातली गणिते त्यांना येत. पण बाजारातला साधा हिशेब करताना ती गडबडून जात.

यावरून बालमजुरीचे गोडवे कोणी गाऊ नयेत. मुलाने हातगाडीवर उभे राहावे असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. शिवाय बाजारातल्या हिशेबाला मर्यादाही आहेत. तो नेहमीच्या देवघेवीपुरता चालतो. शेकड्याचे व्याज, क्षेत्रफळ, खतांचे प्रमाण यांपाशी अडतो. तिथे कागदावरचे गणितच हवे. निष्कर्ष एवढाच, की दोष मुलाच्या डोक्यात नाही. मुलाचे अनुभवाचे गणित आणि शाळेचे चिन्हांचे गणित यांच्यामध्ये जो ओढा आहे, त्यावर आम्ही साकव बांधलेला नाही. गोष्टी आणि खेळ हाच तो साकव.

त्रेचाळीस मोळ्या

याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ऊसतोड मजुरांच्या एका तळावर आम्ही संध्याकाळी मुले जमवीत असू. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी दिवसभर आईबापांबरोबर फडात असे. बांधलेल्या मोळ्या मोजण्याचे काम तिच्याकडे होते. दहा मोळ्या झाल्या की ती चिंधीला एक गाठ मारी. त्या दिवशी तिने मला चिंधी दाखवून सांगितले, "चार गाठी आन् वर तीन." मी विचारले, "म्हणजे किती?" ती म्हणाली, "त्रेचाळीस." मी पाटी पुढे केली. तिने लिहिले, ३४.

शाळेत या उत्तरावर लाल रेघ पडली असती. पण विचार करा, ती चुकली कुठे? मराठीत आपण 'त्रेचाळीस' म्हणतो, म्हणजे आधी तीन आणि मग चाळीस. कानाला तीन आधी ऐकू येतो. तिने जे ऐकले ते त्याच क्रमाने लिहिले. कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलाला ही अडचण येत नाही. तिथे दहाची संख्या आधी बोलली जाते. आपल्याकडे तर शंभरापर्यंतचे प्रत्येक नाव जवळजवळ स्वतंत्रपणे पाठ करावे लागते, आणि एकोणतीस, एकोणचाळीस यांत पुढच्या दशकाचे नाव घेऊन मागे एक पाऊल टाकावे लागते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचनही दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात केवढी थट्टा झाली! विधिमंडळातही पडसाद उमटले. गणिताच्या अभ्यासमंडळाच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर. त्यांनी मुलांसाठी 'गणितगप्पा' लिहिल्या, आणि मूल कुठे अडते हे त्या जाणत होत्या. जुनी नावे टिकावीत की नवी यावीत, याबद्दल मतभेद असू शकतो. मलाही आपली जुनी नावे प्रिय आहेत. पण त्या गदारोळात एक प्रश्न फार थोड्यांनी विचारला, की सहा-सात वर्षांच्या मुलाला नेमके काय अवघड जाते?

त्या मुलीला मी चिंधीच पाटीवर ठेवायला सांगितली. डावीकडे गाठी, उजवीकडे सुट्या मोळ्या. गाठींखाली तिने ४ लिहिले, सुट्यांखाली ३. मग स्वतःच मघाचे ३४ पुसले. दशक आणि एकक ही कल्पना तिला मी शिकवली नाही. ती तिच्या चिंधीत आधीच होती; मी फक्त चिंधी आणि पाटी यांची भेट घालून दिली.

आपल्या भाषेत अशा कितीतरी गाठी मारून ठेवलेल्या आहेत. भाकरीचा चतकोर म्हणजे काय, हे मराठी मुलाला 'एक छेद चार' लिहिण्याच्या कितीतरी आधी ठाऊक असते. अर्धी भाकरी, पाऊण भाकरी, सव्वा, दीड, अडीच हे शब्द त्याच्या घरात रोज वापरले जातात. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पुढे दशमान वजनेमापे आली, आणि ते पाढे मागे पडले. त्यांच्याबरोबर छडीही गेली याचा खेद करण्याचे कारण नाही. पण अपूर्णांक हा रोजच्या जगण्यातला आहे, ही जाणीव त्यांच्याबरोबर जाऊ द्यायला नको होती. आज अपूर्णांक शिकवायचा तर भाकरी हातात घ्या, चौघांना वाटा, आणि मग खडू हातात घ्या.

पैसा कमी, कल्पकता अधिक

यासाठी महागडे साहित्य लागते, अशी सबब सांगितली जाते. शहरांत लहान मुलांच्या गणिताचे वर्ग निघाले आहेत. भरमसाट शुल्क घेतात आणि चार वर्षांच्या मुलांच्या शर्यती लावतात. त्या वाटेने आपल्याला जायचे नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी जे प्रयोग केले, त्यांत माँटेसरीच्या किमती साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने आली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, गुरे राखणाऱ्या मुलांमागे कुरणात न्यावी, हा त्यांचा विचार. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर चालतो, तो याच मातीतून आला आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधा आणि सुट्या काड्या वेगळ्या ठेवा. मूठभर शेंगदाणे घेऊन आधी अंदाज सांगायला लावा, मग मोजा, मग खा. खाताना उरलेले पुन्हा मोजा, म्हणजे वजाबाकी झाली. अंगणात चौकोन आखून त्यांत आकडे लिहा आणि लंगडी घालत पुढे-मागे उड्या मारायला लावा. दुकान-दुकान खेळा, पण दुकानदार कधी कधी मुद्दाम चुकीची मोड परत देईल असा नियम ठेवा, आणि ती चूक पकडेल त्याला पुढचा दुकानदार करा. आणि काहीही खेळा, एक पथ्य पाळा. उत्तर बरोबर असो की चूक, विचारा, "कसे काढलेस?" हे दोन शब्द पाळले तर निम्मी भीती जाईल.

पाठांतराला माझा विरोध नाही, हेही सांगून टाकतो. पाढे पाठ हवेतच. पण समजल्यानंतरचे पाठांतर हे हत्यार असते. समजण्यापूर्वीचे ओझे असते.

मग अडते कुठे?

सरकारलाही हे सारे मान्य आहे, निदान कागदावर. ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू झाले, आणि २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचन आणि पायाभूत गणित यावे असे उद्दिष्ट ठरले. 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत मात्र देशातल्या तिसरीच्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांनाच दोन अंकी वजाबाकी करता आली. आधीच्या पाहणीपेक्षा हे प्रमाण वाढले आहे, हे मान्य केले पाहिजे. तरी तीनांतली दोन मुले बाहेरच राहिली.

याचे एक कारण असे, की पाया घालायचा त्या वयाची जबाबदारी कायद्याने कोणावर पक्की टाकलेलीच नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हक्क दिला. तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी सरकारने व्यवस्था 'करावी' एवढेच म्हटले. तो हक्क नव्हे. आणि ज्या अंगणवाडी सेविकेने गोष्ट सांगायची, तिचे हात कशात गुंतले आहेत पाहा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पन्नास वर्षे लोटली तरी ती कर्मचारी नाही, 'मानधनी' आहे. वजने तिने घ्यायची, आहार तिने वाटायचा, रजिस्टरे तिने भरायची, आणि तीच माहिती पुन्हा मोबाइलवरही तिनेच भरायची. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. त्या संपाकडे केवळ मानधनवाढीचा लढा म्हणून पाहू नका. ज्या बाईला दुपारपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही, ती माकडाची गोष्ट अर्ध्यावर थांबवून मुलांच्या उत्तराची वाट कशी पाहील? वाट पाहायला वेळ लागतो, आणि वेळ हा मजुरीचा प्रश्न आहे.

दुसरा अडसर आपल्या घरात आहे. वही भरली म्हणजे अभ्यास झाला, असे पालकांना वाटते. चार वर्षांच्या मुलाने शंभरपर्यंत आकडे लिहिले नाहीत, तर बालवाडीत नुसतेच खेळवतात अशी तक्रार येते. या आईबापांवर रागावू नका. त्यांनी शाळेकडून वही आणि मार यांखेरीज काही पाहिलेलेच नाही. महिन्यातून एक दिवस त्यांना बोलवा आणि त्यांच्यासमोर मुलांना तराजू धरू द्या.

जुने देणे

शेवटी, आरंभी म्हटलेल्या धाग्याकडे येतो. मे १८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांनी सावकारांची खतपत्रे मागितली, हिसकावली, जाळली. त्यांचा राग माणसापेक्षा कागदावर अधिक होता, कारण त्या कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते आणि आकडा कसा फुगला हे पडताळता येत नव्हते. १८७९ मध्ये कायदा झाला. सावकाराने कुळाला पावती आणि हिशेब द्यावा असे ठरले. पण पावती हातात पडून उपयोग काय, जर ती तपासता येत नसेल? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली, आणि शेतकऱ्यांच्या मुलांच्या अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबाला स्थान दिले. जोतीरावांना कळले होते, की ज्याला हिशेब येत नाही त्याच्या हातून कागद जाळण्याखेरीज काही होत नाही.

आज खतपत्रांची जागा हजेरीपटाने, काट्याच्या पावतीने, बचतगटाच्या कर्जाच्या हप्त्याने आणि मोबाइलवरच्या व्याजाने घेतली आहे. मुकादमाकडची उचल किती फिटली आणि किती उरली, हे टोळीतल्या किती जणांना पडताळता येते? आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो, ती द्यावीतच. पण त्याच वस्तीवर संध्याकाळी तासभर मुले जमवून दोन करवंट्यांचा तराजू बांधणे, हेही त्याच लढ्यातले काम आहे, आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच, की या शिबिरातून परत जाताना प्रत्येकाने एक वस्ती ठरवावी. आठवड्यातून दोन संध्याकाळ तिथे बसावे. गोष्ट सांगावी, ती अर्ध्यावर थांबवावी, आणि मुलांना विचारावे, "आता मांजरांनी काय करावे?" उत्तर आपण देऊ नये. आजपर्यंत त्यांना उत्तरे देणारी माकडे पुष्कळ झाली.